सात वाजेपर्यंतची चौदा तारीख

"चौदा तारीख अजून संपलेली नाही, नीरज. घड्याळ बघ. साडेसहाच झालेत."

"काका, आज पंधरा आहे. पेपरात छापून आलंय, बघा ना."

"पेपरवाल्याला काय कळतंय? तो तिसऱ्या पाळीला गेलाय का कधी?"

हे भांडण मी माझ्या खिडकीतून ऐकलं, त्याला वीस वर्षं होऊन गेली. थंडीचे दिवस होते. मी दूध तापत ठेवलं होतं आणि समोर नीरजच्या दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं. नीरज आमच्या परदेशीपुऱ्यातलाच, दोन मुलांचा बाप. आधी गाण्यांच्या कॅसेटी विकायचा, मग मोबाइलमध्ये पैसे भरायची, खरवडायची कार्डं विकायला लागला. आणि मफलर गुंडाळून, शटरखाली वाकून त्याच्याशी जे भांडत होते ते गोपीनाथ भावजी, आमचे भिंतीला भिंत शेजारी. सख्ख्या दिरांशी मी बोलले नसेन एवढं त्यांच्याशी बोलले असेन.

"व्हॅलिडिटी रात्री बाराला संपली, काका. काल दिवसभर काय करत होते तुम्ही?"

"कामावर होतो. म्हटलं, सकाळी जाताना भरू. चौदाच्या आतच आहे."

"बारा बजे के बाद पंधरा लग जाती है. कंपनीचा कंप्यूटर आहे, त्याला मी काय समजावू?"

"आणि माझं बोलणं? चार महिन्यांचं साठवलेलं होतं. दोन तास भरेल एवढं. ते कुठं गेलं?"

"लॅप्स झालं."

"लॅप्स म्हणजे कुठं?"

नीरजनं आभाळाकडे हात केला.

"हे बघ," भावजी म्हणाले, "मी मीठ विकत घेतलं की ते मीठ माझं. महिना संपला म्हणून वाणी घरात शिरून बरणी रिकामी करतो का?"

"मीठ नाही हो, दूध समजा. ठेवलं की फाटणार."

"फाटलेलं पातेल्यात तरी राहतं. आमची ही त्याचा कलाकंद करते. माझ्या हातात काय राहिलं?"

"मग सिनेमाचं तिकीट समजा. काल का टिकट आज चलता क्या?"

"आमच्या कँटीनचं कुपन चालायचं. शर्टाबरोबर धुतलं गेलं, लगदा झाला, तरी दोन वर्षांनी त्याच्यावर चहा मिळायचा. नुसत्या रंगावरून ओळखायचे."

"म्हणून तर मिल बंद पडली ना, भिया."

नीरजच्या तोंडून निघून गेलं आणि त्याची त्यालाच जीभ चावली गेली. मिलचं नाव निघालं की आमच्या गल्लीत माणसं एकदम गप्प व्हायची. तेवढ्यात आमचे हे, बाबूराव, दात घासत ओट्यावर आले. हे मिलच्या हाजिरी खात्यात कारकून होते, म्हणून गल्लीतले असले खटले ह्यांच्याकडे यायचे. चूळ भरून म्हणाले, "मिलच्या नियमानं गोपीनाथ बरोबर आहे. चौदा तारीख सातपर्यंत असते. पण नीरजच्या कंपनीनं आपला भोंगा ऐकलेला नाही, त्याला ती तरी काय करणार?"

त्या नादात माझं दूध उतू गेलं.

ज्यांच्या घरात कुणी मिलमध्ये नव्हतं त्यांना हे नीट सांगायला हवं. तिसरी पाळी रात्री अकराला आत जायची आणि सकाळी सातला सुटायची. चौदा तारखेला जो आत गेला त्याची हाजिरी चौदाचीच. मध्ये रात्रीचे बारा कधी वाजले ते कुणी विचारायचं नाही. सातचा भोंगा झाला की तारीख बदलायची. आमच्या सगळ्या वस्तीचा दिवस असाच चालायचा. माझी थोरली पहाटे पाचला झाली, तर तिचा वाढदिवस आम्ही आदल्या तारखेला करत आलो. शाळेत नाव घालताना मास्तरांनी कागद मागितला तेव्हा कळलं की सरकारच्या लेखी ती एक दिवसानं लहान आहे.

आणि तो भोंगा वाजवायचे गोपीनाथ भावजी. बॉयलरवर होते. दोरी ओढली की वाफ सुटायची आणि पार पाटनीपुऱ्याच्या पुढंपर्यंत ऐकू जायचं. दोन लांब आवाज आणि शेवटी एक उचकी. ती उचकी काही ठरवून दिलेली नव्हती. व्हॉल्व झिजला होता, दोरी सोडताना वाफ अडकून हुक्क व्हायचं. दुसऱ्या मिलच्या भोंग्यांना उचकी नव्हती. भावजी रजेवर असले आणि बदली माणसानं दोरी ओढली की उचकी नीट लागायची नाही. मग नळावरच्या बायका म्हणायच्या, आज भोंग्याला बरं नाही वाटतं.

मिल बंद झाली तेव्हा भावजींना वाटलं, दोन-चार महिन्यांत उघडेल. सगळ्यांनाच वाटलं होतं. वाटलं नाही ते एका शामला. शाम म्हणजे भावजींचा धाकटा भाऊ, विणाई खात्यातला. आई-वडील लवकर गेले, तेव्हा भावजींनीच त्याला वाढवला, मिलमध्ये चिकटवला, त्याचं लग्न केलं. तो म्हणाला, दादा, सुरतेला लूमवर माणसं घेताहेत, दोघंही जाऊ. भावजी म्हणाले, भोंगा वाजेल त्या दिवशी मी सुरतेत असलो तर दोरी कोण ओढणार? शाम म्हणाला, आता तिथं दोरी नाही न् काही नाही, गेटवर नुसतं कुलूप आहे. शब्दानं शब्द वाढला. मी आणि भावजींची बायको प्रमोदिनी मधल्या भिंतीच्या दोन बाजूंना हात धुवत उभ्या राहिलो, कुणी मध्ये पडलो नाही. शेवटी शाम बायकोला घेऊन, पेटी उचलून निघाला आणि दारातून म्हणाला, "भोंगा वाजला की कळव. तेव्हा येईन."

वर्षभरानं त्याचं एक कार्ड आलं, पत्ता घालून. भावजींनी उत्तर दिलं नाही. मोठ्या भावानं आधी का नमावं, हा प्रश्न होता. प्रमोदिनी म्हणायची, "लिहा हो." भावजी म्हणायचे, "बघू." बघता बघता वर्षं गेली. शामनंही परत लिहिलं नाही.

मिल काही उघडली नाही. भावजी पोलोग्राउंडला पंप बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात लागले. तिथल्या मालकानं नवा मोबाइल घेतला तेव्हा जुना भावजींना देऊन टाकला. विटेएवढा होता. खिशात ठेवला की सदरा एका बाजूला झुकायचा. नीरजनं त्यात नंबर घालून दिला. त्याच दिवशी भावजी आमच्याकडे आले, ह्यांच्यासमोर पोस्टकार्ड ठेवलं आणि म्हणाले, "बाबूराव, तुमचं अक्षर चांगलं आहे. शामला लिहा. हा माझा नंबर आहे, हा बदलणार नाही. बस, एवढंच."

"आणखी काही? कसा आहेस वगैरे?"

"ते तो फोन करील तेव्हा विचारीन."

कार्ड दहा वर्षांपूर्वीच्या पत्त्यावर गेलं. पोचलं की नाही, देव जाणे. पण शब्द दिला होता ना, नंबर बदलणार नाही म्हणून. आणि नीरजनं सांगून ठेवलं होतं, महिन्याच्या महिन्याला वेळेत कार्ड भरलं तर उरलेलं बोलणं पुढं चालतं. नाही भरलं तर आधी बोलणं जातं, मग येणारे फोन बंद होतात, आणि तरी नाही भरलं तर नंबर दुसऱ्या कुणाला देऊन टाकतात. भावजींच्या डोक्यात तेच बसलं. उद्या शामनं फोन लावला आणि तो भलत्याच माणसानं उचलला तर? शाम म्हणेल, दादानं शब्द दिला आणि नंबरही बदलला.

म्हणून महिन्याच्या महिन्याला कार्ड. बोलणं मात्र ते खर्च करायचे नाहीत. प्रमोदिनीला तिच्या भावाशी बोलायचं असलं तरी नीरजच्या दुकानातून बोल म्हणायचे. त्यांना सगळं साठवायचं होतं. अकरा वर्षांचं बोलायचं आहे, मध्येच तुटायला नको.

"अहो, पण तो फोन करील तेव्हा तुमचं काही जाणार नाही," हे त्यांना समजावायचे. "येणारा फोन फुकट."

"त्याचं जाईल ना. तो कुठल्या तरी पीसीओमधून करणार. समोर मीटर पळणार आणि त्याचं लक्ष मीटरवर. मी म्हणणार, तू ठेव, मी लावतो. मोठा कोण आहे आमच्यात?"

रोज संध्याकाळी ते एक नंबर दाबून किती शिल्लक आहे ते ऐकायचे. त्यातून रेकॉर्ड केलेली बाई सांगायची. बाईचं बोलून झालं की भावजी म्हणायचे, "ठीक आहे ताई." आम्ही हसायचो, पण ते फोन ठेवण्याआधी एवढं म्हटल्याशिवाय राहायचे नाहीत.

आणि अशा माणसाचं दोन तासांचं बोलणं रात्री बाराला उडून गेलं. भांडण झालं त्या दिवशी नवं कार्ड भरलं, नंबर जगला. "जिंदा आहे ना?" असं त्यांनी नीरजला तीनदा विचारलं. मग घरी येऊन ओट्यावर बसून राहिले. कामावर गेले नाहीत.

मी कलाकंद घेऊन गेले होते. दूध उतू गेलं होतं, फाटलं नव्हतं, पण उरलेलं मुद्दाम फाडलं, म्हटलं त्यांना हसू येईल. प्रमोदिनी गहू निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "वैनी, साठवायचं ते लोणचं. बोलणं कुणी बरणीत भरून ठेवतं का? चार महिने ह्या घरात बोलणं भरून होतं आणि मला भावाशी बोलायला दुकानात उभं राहावं लागलं. गेलं ते बरं झालं."

भावजींनी कलाकंद खाल्ला. मग म्हणाले, "तुझ्या भावाचा नंबर काय?"

ती म्हणाली, "आज कशाला? आज काय विशेष?"

"कंपनी घेऊन जाण्याआधी आपणच खर्चून टाकू."

असं ते सुरू झालं. पुढच्या महिन्याच्या चौदा तारखेला, उजेडी, संध्याकाळी पाच वाजता भावजींनी ओट्यावर खुर्ची ठेवली, खुर्चीवर फोन ठेवला आणि गल्लीत सांगून आले की ज्याच्या घरी फोन नाही त्यानं यावं, प्रत्येकी दोन मिनिटं. आधी दुकानात जाऊन नवं कार्ड भरलं, मग फोन वाटायला काढला. नंबरचा जीव आधी. नीरज म्हणाला, "काका, आता भरलंय, उरलेलं पुढच्या महिन्यात जाईल, उडवता कशाला?" भावजी म्हणाले, "तुझ्या पुढच्या महिन्याचा मला भरवसा नाही."

दोन मिनिटं झाली हे लोकांना कळायचं कसं? माणूस फोनवर लागला की दुसऱ्यानं कितीही खुणा केल्या तरी बघत नाही. मग भावजी आत गेले आणि रॉकेलचं पत्र्याचं नरसाळं धुऊन घेऊन आले. तोंडाला लावलं आणि भोंगा दिला.

मी सांगते, गल्लीतली सगळी दारं उघडली. दोन लांब आवाज आणि शेवटी उचकी, जशीच्या तशी. नळावर घागर लावलेली एक बाई घागर तशीच सोडून चार पावलं चालून आली. हे ओट्यावर बसले होते ते सवयीनं उठून उभे राहिले आणि मग खाली बसताना ओशाळले. अकरा वर्षांत भावजींनी तो आवाज काढलेला कुणी ऐकला नव्हता. त्यांना स्वतःलाही काढता येतो हे ठाऊक नसावं. नरसाळ्याकडे बघत राहिले.

मग चौदा तारीख म्हणजे सणच झाला. आमच्या टोकाला अप्पासाहेब राहायचे. त्यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते, त्यामुळे ते फुकट काही घ्यायचे नाहीत. येताना गूळ-शेंगदाण्याची पुडी आणायचे, फोनशेजारी ठेवायचे आणि देवासला बहिणीला फोन लावून पणजोबांची तलवार कुणाकडे असायला हवी यावर दोन मिनिटं भांडायचे. भोंगा झाला की जिथं असतील तिथं थांबायचे आणि म्हणायचे, "ठीक. पुढचं पुढच्या चौदाला." बहीणही तिकडे वाट बघत बसायची म्हणे.

दुसरी इंदुमती. तिची मुलगी सुरतेला दिली होती. जावई अर्पित तिथं खानावळ चालवायचा, आपल्याकडच्या माणसांसाठी वरण-भात, पोळी-भाजी. खानावळीत फोन होता. इंदुमती इतक्या मोठ्यानं बोलायची की हे म्हणायचे, "हिला फोन कशाला देता, गोपीनाथ? दारात उभी राहिली तरी सुरतेला ऐकू जाईल." आणि ती दोन मिनिटांत कधी थांबायची नाही. तिच्यासाठी भावजींना नरसाळं तिच्या कानाशी न्यावं लागायचं. तिकडे अर्पित रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरायचा. त्यानंच मग नंबर मागून घेतला आणि काउंटरमागच्या भिंतीवर लिहून ठेवला. सासूबाईंचा आवाज मध्येच तुटला तर उलटा लावता यावा म्हणून, असं तो सांगायचा. कधी लावला नव्हता.

मी भावजींना एकदा विचारलं होतं, "इंदुमतीच्या जावयाला सांगा ना, शामला शोधायला."

ते म्हणाले, "वैनी, सुरतेत शाम किती असतील? आणि शोधायचं त्यानं आहे. नंबर मी दिलाय."

अजून मोठेपण उतरलेलं नव्हतं.

तिसरी चौदा तारीख. इंदुमती लिंबाच्या लोणच्याची बरणी पोचली का, झाकण घट्ट होतं का, तेल सांडलं का, असं विचारत होती. दोन मिनिटं झाली. भावजींनी भोंगा दिला. ती थांबली नाही. त्यांनी नरसाळं जवळ नेलं आणि पुन्हा दिला, लांब, लांब आणि उचकी.

इंदुमती एकदम गप्प झाली. हे कधी घडलेलं नव्हतं, म्हणून आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो.

"कोण?" ती फोनमध्ये म्हणाली. "अहो कोण तुम्ही? अर्पित कुठं आहेत?" मग ऐकलं. "कुणी वाजवला म्हणजे? आमच्या भावजींनी वाजवला." मग फोन भावजींपुढे धरून म्हणाली, "घ्या. तिकडे जेवायला बसलेला कुणी माणूस आहे. भोंग्याबद्दल विचारतोय. चिडलाय वाटतं."

भावजींनी नरसाळं काखेत धरलं, फोन घेतला आणि अदबीनं म्हणाले, "माफ करा साहेब, जेवणात व्यत्यय आला. आमची इथं एक पद्धत आहे—"

मग ते थांबले. तिकडून काय बोलणं झालं ते त्यांनी नंतर आम्हांला शंभर वेळा सांगितलं. तिकडचा माणूस म्हणाला, "दादा, तो व्हॉल्व अजून दुरुस्त केला नाहीस?"

भावजींचं तोंड उघडं. प्रमोदिनी उंबऱ्यातून पुढं आली. शेवटी म्हणाले, "मिल बंद आहे. फिटर कुठून आणू?"

आणि फोन तुटला. त्या दिवशी अप्पासाहेब आणि आणखी सहा-सात जण बोलून गेले होते, शिवाय इंदुमती. वाटायला काढलेलं होतं ते पार तळाला गेलेलं. दोन तास ज्याच्यासाठी साठवले त्याच्याशी बोलायला अर्धं मिनिट मिळालं. भावजी फोन कानाला लावून तसेच उभे राहिले. "हॅलो," म्हणाले. "शाम." मग फोन खाली घेऊन त्याच्याकडे बघितलं.

"शाम होता?" प्रमोदिनी म्हणाली.

नीरज दुकानातून पळत आला, हातात नवं कार्ड. खरवडायला नाणं सापडेना. अप्पासाहेब खिसे चाचपायला लागले. हे म्हणाले, माझा चष्मा आणा, आकडे मी वाचतो. इंदुमती खानावळीचा नंबर मोठमोठ्यानं म्हणायला लागली, आणि घाबरून तिला शेवटचे दोन आकडे आठवेनात. इतका गोंधळ की पहिल्यांदा कुणाच्या लक्षातच आलं नाही.

फोन वाजत होता.

तो फोन घेतल्यापासून एकदाही वाजला नव्हता. त्याचा आवाज कसा आहे हे आम्हांला कुणालाच ठाऊक नव्हतं. भावजी तर त्याच्याकडे असे बघत होते, जणू दुसऱ्याच्या घरात वाजतोय.

"अहो उचला," प्रमोदिनी म्हणाली. "तो काय भोंगा आहे आपला आपण थांबायला?"

अर्पितच्या काउंटरमागच्या भिंतीवरून शामनं नंबर लावला होता. जो बदलणार नाही म्हणून कळवला होता तोच. पोस्टकार्ड त्याला कधी मिळालंच नव्हतं, तीन खोल्या बदलून झाल्या होत्या. त्याची पाळी बदलली होती, म्हणून महिनाभरापासून कामावर जाण्याआधी तो अर्पितकडे जेवायला यायला लागला होता. तो सांगायचा, ताटात दुसरी पोळी पडली होती आणि फोनमधून मिल सुटली. माझा हात आपोआप थांबला. वाटलं, पाळी संपली.

त्या दिवशी ते दोघं किती वेळ बोलले ते मला माहीत नाही, कारण प्रमोदिनीनं आम्हा सगळ्यांना तिथून हाकललं. पण भिंतीला भिंत आहे. भावजींचं एक वाक्य मला ऐकू आलं. "तू ठेव, मी लावतो." आणि थोड्या वेळानं, "बरं, बरं. नको ठेवूस."

रंगपंचमीला शाम आला. बायको, दोन मुलं, आणि सुरतेची घारी नावाची मिठाई एवढा मोठा डबा भरून. डोक्यावरचे केस गेले होते. गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला, पुढं येईना. भावजी ओट्यावर, अंगावर हिरवा रंग, तेही उठेनात. शेवटी शामनंच हाक मारली, "दादा, भोंगा वाजला ना? आलो." मग कुणी कुणाला रंग लावला आणि कोण रडलं ते कळलं नाही. रंगपंचमीचं हे बरं असतं.

शाम परत गेला. त्याचं काम, घर सगळं तिकडेच होतं. पण त्या दिवसापासून दर रविवारी त्याचा फोन, आणि त्या फोनसाठी तो नंबर. पुढं भावजींनी चार फोन बदलले, नंबर एकच. गल्लीत घरोघरी मोबाइल आले तशी चौदा तारखेची सभा बारीक होत गेली आणि संपली. भावजींनी मग नवं काम काढलं. गल्लीत कुणाचं कार्ड कुठल्या तारखेला संपतं ते सगळं त्यांच्या डोक्यात. आदल्या दिवशी दारात हजर. "अप्पासाहेब, उद्या." बस, एवढंच. अप्पासाहेब म्हणायचे, लोकांना वाटेल यमाचा निरोप घेऊन येतो हा.

परवा माझी नात पूर्वा म्हणत होती, "आजी, आज नऊशे एमबी उरलाय, बाराला उडून जाणार." ती भंवरकुआंला शिकवणीला जाते, तिला रोज दीड जीबी मिळतो म्हणे. जीबी म्हणजे किती ते मला विचारू नका, पण उरतो आणि जातो हे मला कळतं. तिनं विचारलं, उडायला पाहिजे का गं हे? माझं म्हणणं सरळ आहे. पैसे घेतलेत तर उरलेलं त्या माणसाचं. दुसऱ्या दिवशी द्यावं, महिन्यानं द्यावं. आमच्या कँटीनला जमत होतं ते एवढ्या मोठ्या कंपन्यांना जमू नये? पूर्वा म्हणाली, "पण आजी, काकाआजोबांचं उडालं नसतं तर त्यांनी वाटलंच नसतं. शामआजोबा मिळाले नसते." पोरगी वकील व्हायची आहे.

हाच मुद्दा नीरजनंही एकदा काढला होता, भावजींच्या तोंडावर. म्हणाला, "मानो काका, लॅप्स झालं म्हणून भाऊ मिळाला." भावजींनी त्याला दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि सांगितलं, "शाम मिळाला तो इंदुमतीच्या लोणच्यामुळे, अर्पितच्या पोळीमुळे आणि त्या झिजक्या व्हॉल्वमुळे. कंपनीनं माझे दोन तास नेले. ते माझे अजून यायचे आहेत." मीही पूर्वाला तेच सांगितलं. आणि म्हटलं, उरलाय तर शेजारी प्रमोदिनीआजीला व्हिडिओ लावून दे शामच्या नातवाचा, बारा वाजायला अवकाश आहे. गेली मग.

भावजी गेले त्याला आता वर्ष झालं. दुपारी जेवून आडवे झाले, उठलेच नाहीत. शाम आला, सगळं त्यानंच केलं. भावजींचा नंबर आता प्रमोदिनीकडे आहे.

ते गेले त्याच्या आदल्या दिवशी सकाळी माझ्या दाराची कडी वाजली. सव्वासात झाले असतील. भावजी होते, मफलर गुंडाळलेला, हातात काठी. चैत्रातही ते सकाळी मफलर सोडायचे नाहीत.

"वैनी, तुमचा उद्या संपतोय."

"बसा, चहा टाकते."

"अर्धा." ते पायरीवर टेकले. "फोन द्या इकडे, नीरजकडून भरून आणतो. माझाही भरायचाय."

"तुमचा तर अजून चार दिवस आहे ना?"

"असू दे. एकदाच चाललोय तर दोन्ही."

मी फोन दिला. त्यांनी अर्धा कप चहा घेतला, कप उलटा घालून ठेवला, रस्ता ओलांडून दुकानात गेले. तिकडे नीरजशी काहीतरी वाद घालताना दिसले. रोजचंच, मी लक्ष दिलं नाही. वीस मिनिटांनी परत आले, फोन माझ्या हातात दिला.

"झालं. चौऱ्याऐंशी दिवस. शेवटच्या दिवशी रात्री बारापर्यंत हं, वैनी. सातपर्यंत नाही."

"माहीत आहे हो."

"सांगितलेलं बरं," ते म्हणाले, आणि काठी टेकत शेजारच्या दाराची कडी वाजवायला गेले.